विंगेमागचे शिक्षण : नेपथ्याच्या पदवीविषयी वाचकांचे प्रश्न

नाट्यशिक्षणाविषयी प्रश्न पाठवा, असे आवाहन केल्यावर आलेल्या पत्रांत अभिनयाविषयीची पत्रे अर्थातच सर्वाधिक होती. ती पुढील अंकासाठी राखून ठेवली आहेत. या वेळी नेपथ्य, प्रकाशयोजना आणि रंगमंच व्यवस्थापन यांच्या शिक्षणाविषयीची पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न (रत्नागिरी जिल्हा) : मी यंदा कला शाखेतून बारावी झाले. शासकीय रेखाकला परीक्षांपैकी इंटरमिजिएट ‘अ’ श्रेणीत उत्तीर्ण आहे. आमच्या वाडीतल्या नाटकाचा सेट गेली ३ वर्षे मी आणि माझा मामेभाऊ मिळून रंगवतो. मला नेपथ्याचेच शिक्षण पदवीपर्यंत घ्यायचे आहे. प्रवेश कोठे घ्यावा आणि त्यासाठी तयारी काय करावी?

उत्तर : बारावीनंतर लगेच, केवळ नेपथ्य हा एकच विषय घेऊन पदवी देणारा अभ्यासक्रम तुम्ही आपल्या राज्यात शोधू लागलात, तर हाती फारसे काही लागणार नाही. आपल्याकडे नेपथ्य शिकवले जाते ते नाट्यशास्त्राच्या पदवीचा एक भाग म्हणून, अभिनय, दिग्दर्शन, रंगभूमीचा इतिहास, वेशभूषा, रंगभूषा आणि प्रकाशयोजना यांच्या सोबतीने. पुण्याला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झाले आणि तेथे नाटकाची पदवी व पदव्युत्तर पदवी दोन्ही घेता येतात. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभागही जुना आणि नावाजलेला आहे. पणजीच्या कला अकादमीला नाट्यशिक्षणाची परंपरा आहे आणि कोकणातल्या मुलीला ती परकी वाटणार नाही. त्याहून लांब जाण्याची घरच्यांची तयारी असेल, तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्रयोगकला विद्याशाखेचाही विचार करावा. मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ साली सुरू झाली, परंतु तेथला अभ्यासक्रम पदव्युत्तर असल्यामुळे तिचा विचार तुम्हाला ३-४ वर्षांनी करावा लागेल.

दुसरा रस्ता दृश्यकलेचा आहे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेसारख्या संस्थेत चित्रकला, शिल्पकला किंवा उपयोजित कलेची पदवी घ्यायची, त्या काळात मिळेल त्या संघाबरोबर नाटके करायची आणि मग नाट्यशिक्षणाकडे वळायचे. पदवीनंतर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा दरवाजा उघडतो. १९५९ साली संगीत नाटक अकादमीने सुरू केलेले हे विद्यालय १९७५ पासून स्वायत्त आहे. तेथील ३ वर्षांच्या पदविकेत पहिले वर्ष सर्वांना सारखेच असते आणि पुढे अभिनय किंवा रंगतंत्र व अभिकल्प (डिझाइन) अशी विशेष दिशा घेता येते. प्रवेशासाठी कोणत्याही शाखेची पदवी आणि किमान ६ नाटकांतला सहभाग मागितला जातो. वाडीतले नाटक असले, तरी पत्रिका, छायाचित्रे आणि मंडळाचे पत्र आजपासून जपून ठेवा.

या दोन रस्त्यांपैकी मी कोणता निवडेन, असे विचारलेत तर तुमच्या वयाला मी पहिला निवडेन. चित्र काढणारा हात तुमच्याकडे आहे; कमी आहे ती नाटक वाचण्याची सवय, आणि ती नाटक करणाऱ्यांच्या संगतीतच लागते. माहितीपत्रकावरून संस्था मात्र ठरवू नका. तिथे जाऊन सुतारकामाची जागा पाहा. जमिनीवर भुसा सांडलेला असेल, अर्धवट रंगवलेले फ्लॅट, म्हणजे सेटच्या सुट्या भिंती, भिंतीला टेकलेले असतील आणि कोणी विद्यार्थी कमरेला टेप लावून इकडून तिकडे फिरत असेल, तर तेथे नेपथ्य शिकवले जाते. त्या खोलीला कुलूप असेल, तर अभ्यासक्रमात नेपथ्याचे कितीही गुण लिहिलेले असोत, तुम्ही ते फक्त वहीत शिकाल. वर्षाकाठी विद्यार्थ्यांच्या किती नाट्यकृती उभ्या राहतात आणि त्यांचे नेपथ्य विद्यार्थी करतात की बाहेरून माणूस बोलावला जातो, हेही तिथल्या शिक्षकांना नव्हे, शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा.

तयारीचे म्हणाल, तर एखादे नाटक घ्या आणि ते तीनदा वाचा. पहिल्यांदा वाचकासारखे वाचा. दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन प्रत्येक पात्र कोठून येते, कोठून जाते, त्या वेळी दिवस आहे की रात्र, एवढेच टिपा. तिसऱ्या वेळी पात्रे कशाकशाला हात लावतात ते लिहून काढा: खिडकी उघडतात का, कपाटातून काही काढतात का, जिन्यावर बसतात का. ही यादी हाती आली की रंगमंचावर काय असायलाच हवे हे कळते, आणि त्याहून उपयोगी म्हणजे काय नसले तरी चालेल हेही कळते. त्यानंतर तुमच्या तालुक्याच्या नाट्यगृहात परवानगी घेऊन जा. दर्शनी कमानीची रुंदी आणि उंची, रंगमंचाची खोली, विंगांतली जागा आणि सामान आत आणण्याच्या दरवाजाचे माप घ्या. मग वरून दिसणारा आराखडा काढा आणि अर्धा इंच म्हणजे १ फूट या प्रमाणात पुठ्ठ्याची प्रतिकृती करा. ३६ फुटांचा रंगमंच असा १८ इंचांत बसतो, म्हणजे तुमच्या अभ्यासाच्या टेबलावर मावतो. पहिल्या रांगेतल्या अगदी कडेच्या खुर्चीतून आणि बाल्कनीच्या शेवटच्या खुर्चीतून काय दिसेल, त्या रेषा आराखड्यावर ओढून पाहा. आपण हौसेने उभी केलेली खिडकी उजवीकडच्या २० प्रेक्षकांना दिसतच नाही, हा शोध प्रत्येकाला एकदा लागावाच लागतो, आणि तो कागदावर लागलेला बरा.

प्रवेशाच्या मुलाखतीला तुमची सुंदर निसर्गचित्रे न्यायला हरकत नाही, परंतु त्यांच्या वर हा आराखडा, ती यादी, प्रतिकृतीची छायाचित्रे आणि वाडीतल्या सेटची, विशेषतः तो उभा करताना काढलेली, छायाचित्रे ठेवा. फसलेला आराखडाही ठेवा. तो का फसला हे तुम्ही सांगू शकलात, तर समोरच्या परीक्षकाला तुमच्याविषयी दहा चित्रांहून अधिक कळेल.

प्रश्न (पुणे) : मी वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एकांकिका स्पर्धांसाठी नेपथ्य करता करता आता तेच करावेसे वाटते. वास्तुकला सोडून नाट्यशास्त्राला प्रवेश घ्यावा का?

उत्तर : सोडू नका. चेकोस्लोव्हाकियाचे जोसेफ स्वोबोदा (१९२०–२००२), ज्यांच्या कामाशिवाय विसाव्या शतकातल्या नेपथ्याचा इतिहास लिहिता येत नाही, ते आधी सुतारकाम शिकले आणि मग वास्तुकला. तुम्हाला आराखडा, छेद आणि भार यांची भाषा येते. ती नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मोठ्या कष्टाने शिकावी लागते. पदवी पूर्ण करा आणि मग नाटकाचे पदव्युत्तर शिक्षण घ्या. चित्रपटाकडेही ओढा असेल, तर पुण्यातच भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत कलादिग्दर्शन व निर्मिती अभिकल्पाची पदव्युत्तर पदविका आहे आणि ती वास्तुकला, चित्रकला, शिल्पकला अशा पदवीधरांसाठीच आहे.

एक सवय मात्र तुम्हाला मोडावी लागेल. वास्तुविशारदाची इमारत जागेवरून हलत नाही. मराठी व्यावसायिक नाटकाचा सेट दुपारी एका गावात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात उभा राहतो. तो सत्रागणिक मिळालेल्या नाट्यगृहात थोडक्या वेळात लावायचा, प्रयोगानंतर त्याहून कमी वेळात उतरवायचा आणि पुन्हा गाडीत चढवायचा असतो. उमेदवारीच्या काळात मी एका वाड्याचा दिंडीदरवाजा केला होता, अकरा फूट उंच, एकसंध, आणि माझ्या मते अप्रतिम. दौऱ्यातल्या तिसऱ्याच गावी तो नाट्यगृहाच्या मागच्या दारातून आत येईना. रंगमंच कामगारांतल्या एका ज्येष्ठाने माझ्याकडे एकदा पाहिले, करवत मागवली आणि माझ्या डोळ्यांदेखत तो मधोमध कापून त्याला बिजागऱ्या लावल्या. तेव्हापासून मी रंग निवडण्याआधी दारे मोजतो.

प्रश्न (सांगली) : हल्लीच्या एकांकिका चार ठोकळ्यांवर आणि काळ्या पडद्यासमोर होतात. नेपथ्यच नको असेल, तर त्याची पदवी कशासाठी?

उत्तर : आपला प्रश्न खोचक आहे आणि मला तो आवडला. परंतु ‘नेपथ्य नाही’ हाही नेपथ्याचा निर्णय असतो. १९७२ साली पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले, तेव्हा उभी असलेली माणसांची रांगच त्या नाटकाचा पडदा होती. ती हलायची, फुटायची, पाठ फिरवायची, आणि जे लपवायचे ते लपवून जे दाखवायचे ते दाखवायची. तेथे एकही फ्लॅट नव्हता, आणि तरीही रंगावकाशाचा इतका नेमका विचार भरगच्च दिवाणखान्यांच्या नाटकांत क्वचितच आढळतो.

मराठी रंगभूमीने हा प्रवास टप्प्याटप्प्याने केला आहे. संगीत नाटकांच्या काळात राजवाडा, रस्ता, अरण्य हे सारे रंगवलेल्या पडद्यांवर असे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ चित्रपटाकडे वळण्याआधी नाटक मंडळ्यांचे पडदेच रंगवत होते. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आणले आणि पडद्यावरच्या घराच्या जागी भिंती, दारे, खिडक्या असलेली खरी खोली उभी राहिली. युरोपात अडॉल्फ आपिया आणि एडवर्ड गॉर्डन क्रेग या नेपथ्यकारांनी रंगवलेल्या पडद्याविरुद्ध त्याआधीच बंड पुकारले होते. त्यांना मात्र खोली नको होती, पायऱ्या, उंचवटे आणि प्रकाश हवा होता. पदवीच्या वर्गात हा इतिहास शिकवतात तो परीक्षेसाठी नव्हे. चार ठोकळे ठेवताना ते आपण पैसे नाहीत म्हणून ठेवतो आहोत की नाटकाला तेवढेच हवे आहेत म्हणून, हे ज्याला सांगता येते त्याचे ठोकळे बोलतात.

जाता जाता शब्दाविषयी. भरताच्या नाट्यशास्त्रात ‘नेपथ्य’ म्हणजे देखावा नव्हे. ते रंगपीठामागचे, नटांनी सजण्याचे ठिकाण, आणि ती सजावटही. मध्यम आकाराचे नाट्यगृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असावे, त्याहून मोठे झाल्यास नटाचा शब्द आणि चेहऱ्यावरचा भाव प्रेक्षकापर्यंत नीट पोहोचत नाही, असे त्यात कारणासह सांगितले आहे. आजची काही अवाढव्य सभागृहे बांधणाऱ्यांनी हा अध्याय वाचला असता, तर आमचे काम पुष्कळ हलके झाले असते.

प्रश्न (सोलापूर) : माझा मुलगा नाट्यशास्त्राच्या पदवीला जाऊन नेपथ्य करू म्हणतो. आमचे कुटुंब नोकरदार आहे. यातून त्याचे घर चालेल का?

उत्तर : केवळ मराठी नाटकांच्या नेपथ्यावर घर चालवणारी माणसे आहेत, परंतु ती थोडी आहेत आणि त्यांना तेथवर पोहोचायला बरीच वर्षे लागली आहेत. या क्षेत्रात मासिक पगार अपवादाने मिळतो. नाटकागणिक मानधन ठरते, आणि नाटक चालले नाही की पुढची बोलणी लांबतात. तेव्हा आपली काळजी रास्त आहे.

तथापि, या शिक्षणातून हाती येणारे कौशल्य नाटकापुरते राहत नाही. मालिका आणि चित्रपटांचे कलादिग्दर्शन, वस्तुसंग्रहालये आणि प्रदर्शनांची मांडणी, सोहळ्यांचे मंच, शाळांतले नाट्यशिक्षण, मोठ्या नाट्यसंकुलांतली तंत्रज्ञांची पदे, अशा ठिकाणी याच माणसांची गरज पडते. मुंबईत २०२३ साली नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर सुरू झाले; तेथले मोठे प्रेक्षागृह सुमारे २,००० आसनांचे आहे. अशा ठिकाणी प्रयोग चालवायला शिकलेले रंगमंच व्यवस्थापक आणि तंत्रज्ञ लागतात, आणि आपल्याकडे याच कामाचे रीतसर शिक्षण सर्वांत कमी मिळते. मुलाला माझा निरोप सांगा: सेटची कल्पना सुचणे जितके आवश्यक, तितकेच लाकूड, प्लाय, कापड, रंग आणि मजुरी यांचा हिशेब निर्मात्यासमोर मांडता येणेही आवश्यक. हिशेब येणारा नेपथ्यकार रिकामा बसलेला मी पाहिलेला नाही. त्याने पहिली २ वर्षे कोणा अनुभवी नेपथ्यकाराकडे सहायक म्हणून काढावीत आणि तेवढा काळ आपण घरातून आधार द्यावा. ते शक्य नसेल तर पदवीबरोबर दुसरे एखादे अर्थार्जनाचे साधन धरून ठेवण्यात कमीपणा नाही. हौशी रंगभूमीवरची कितीतरी माणसे बँकेत आणि शाळेत नोकरी करूनच राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्याची पारितोषिके घेत आली आहेत.

प्रश्न (नाशिक) : मी विद्युत अभियांत्रिकीची पदविका पूर्ण केली आहे आणि हौशी संघासाठी प्रकाशयोजना पाहते. प्रकाशयोजनेसाठी वेगळी पदवी घ्यावी लागेल का? आणि मुलींना या कामात घेतात का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी. घेतात, परंतु अजूनही काही ठिकाणी शिडीवर चढण्याआधी तुम्हाला दोनदा विचारले जाईल. एकदाच उत्तर द्या आणि चढा. रात्रीचा प्रवास आणि मुक्काम यांची व्यवस्था मात्र दौरा ठरतानाच निर्मात्याशी स्पष्ट बोलून घ्या; या गोष्टी संकोचाने मागे ठेवू नयेत.

तुमच्या पदविकेचे मोल तुम्हाला वाटते त्याहून अधिक आहे. १,००० वॉटचा एक दिवा २३० व्होल्टवर सव्वाचार अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह घेतो, म्हणून १५ अँपिअरच्या एका जोडणीवर असे तीनच दिवे लावावेत, चौथा नाही, हे साधे गणित न केल्यामुळे ऐन प्रवेशात अंधार झालेला मी पाहिला आहे. एलईडी दिव्यांमुळे भार पुष्कळ कमी झाला आहे, परंतु अर्थिंग आणि वायरींची शिस्त तीच आहे. दिव्यांना आज्ञा पोहोचवणारी डीएमएक्स ५१२ ही पद्धत १९८६ पासून वापरात आहे. तिच्या एका साखळीत ५१२ वाहिन्या असतात, आणि ते वाटप तुम्ही एका रविवारी शिकाल.

तुम्हाला न शिकवलेली गोष्ट म्हणजे संहिता. प्रकाश केव्हा बदलावा, आणि तो बदल प्रेक्षकाच्या लक्षात यावा की येऊ नये, हे विजेच्या पुस्तकात नसते. म्हणून वेगळी पदवी हवीच असे नाही. परंतु नाट्यशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास तुम्हाला उपयोगी पडेल. पदविकेवर थेट पदव्युत्तर प्रवेश मिळत नसल्याने आधी पदवी पुरी करावी लागेल. तोवर एकच व्यायाम करा. एकाच दिव्याने, त्याची जागा बदलत, बसलेल्या माणसाचा चेहरा दहा प्रकारे उजळून पाहा आणि प्रत्येक वेळी तो माणूस कोण वाटतो ते लिहून ठेवा.

प्रश्न (स्लाऊ, इंग्लंड) : आमची मुलगी येथे शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे. घरी मराठी बोलतो. मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकांचे नेपथ्य ती करते. येथील विद्यापीठांत ‘प्रॉडक्शन आर्ट्स’ आणि ‘डिझाइन’ असे वेगवेगळे अभ्यासक्रम दिसतात. फरक काय?

उत्तर : हा फरक आपल्याकडच्या शिक्षणात नाही, म्हणून तो नीट समजून घ्यावा. ‘डिझाइन’च्या पदवीत रंगावकाशाची आणि वेशभूषेची कल्पना करणे, ती चित्रांतून आणि प्रतिकृतीतून मांडणे आणि दिग्दर्शकाबरोबर तिचा पाठपुरावा करणे यांवर भर असतो. ‘प्रॉडक्शन आर्ट्स’मध्ये ती कल्पना प्रत्यक्षात आणणारे विभाग येतात: रंगमंच व्यवस्थापन, बांधणी, रंगकाम, कपडेपट, प्रकाश आणि ध्वनी. लंडनच्या गिल्डहॉल स्कूलमध्ये या दुसऱ्या प्रकारची पदवी आहे. तेथल्याच ‘राडा’मध्ये (रॉयल अकादमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट) तांत्रिक रंगभूमी आणि रंगमंच व्यवस्थापन शिकवतात. कार्डिफच्या रॉयल वेल्श कॉलेजमध्ये प्रयोगासाठीच्या अभिकल्पाची आणि रंगमंच व्यवस्थापनाची अशा दोन स्वतंत्र पदव्या आहेत. मुलीला मंडळाच्या नाटकात सर्वाधिक आनंद कशात मिळतो ते पाहा. सेट कसा असावा याचे स्वप्न पाहण्यात मिळत असेल, तर पहिला अभ्यासक्रम. प्रयोगाच्या रात्री सगळे वेळेवर जागच्या जागी असण्यात मिळत असेल, तर दुसरा.

मुलाखतीला तिने मंडळाच्या नाटकांचे काम संकोच न करता न्यावे. शाळेच्या सभागृहात, ठरलेल्या वेळेत, घरच्या पडद्यांतून वाडा कसा उभा केला, हे तेथील परीक्षकांना ऐकायला आवडेल. तेथे प्रतिकृती बहुधा १ : २५ या प्रमाणात करतात, एक तरी त्या मापाची असावी. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेचा विचार झालाच, तर येल विद्यापीठाच्या डेव्हिड गेफन स्कूल ऑफ ड्रामामध्ये २०२१ पासून शिक्षणशुल्क आकारले जात नाही, एवढे ध्यानात असू द्या. तेथील निवड अर्थातच अत्यंत कठोर असते.

प्रश्न (कोल्हापूर) : प्रतिकृती हाताने करावी की संगणकावर?

उत्तर : दोन्ही यायला हवे, परंतु आधी हाताने. संगणकावर खोलीत फिरता येते, आराखडा क्षणात बदलता येतो आणि निर्मात्याला चित्र पाठवता येते. स्केचअप किंवा ऑटोकॅड शिकून घ्याच. मात्र पडद्यावरच्या भिंतीला वजन नसते. पुठ्ठ्याची भिंत उभी राहत नाही तेव्हा तिला मागून आधार कोठे द्यायचा, याचा विचार बोटांनीच सुरू होतो, आणि दिग्दर्शकही टेबलावरच्या प्रतिकृतीत काडीची माणसे हलवून पाहतो, संगणकाला तो सहसा हात लावत नाही. काडीची माणसे मात्र मापात करा. साडेपाच फुटांचा नट अर्ध्या इंचाच्या प्रमाणात पावणेतीन इंचांचा होतो. तो ४ इंचांचा केलात, तर त्याच्यापुढे प्रतिकृतीतला तुमचा सेट खुजा वाटेल.